कळलावीची वाकडी मान

विज्ञान दिन आला की जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या रस्त्याला शाळांच्या गाड्यांची रांग लागते. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकडीखाली मुलं माना वर करून उभी राहतात. अशा ३० तबकड्या आहेत. त्यातल्या १४ खोडदला दाटीनं उभ्या आहेत, बाकीच्या तीन दिशांना दूरवर पसरल्यात. त्यांनी टिपलेल्या दीर्घिकांची चित्रं तांबडी-निळी दिसतात, पण रेडिओ लहरींना रंग नसतो. लहर कुठं तीव्र, कुठं मंद हे डोळ्यांना कळावं म्हणून माणसानं ते रंग नेमून दिलेले असतात. काय ठळक दाखवायचं हा निर्णय विज्ञानाच्या चित्रात नेहमीच कुणीतरी घेतलेला असतो.

याच जुन्नर तालुक्यात, हिवऱ्याला, एकोणिसाव्या शतकात औषधी वनस्पतींची सरकारी बाग होती. ती पाहायचे डॉ. अलेक्झांडर गिब्सन. स्कॉटलंडमध्ये १८०० साली जन्मलेला हा कंपनी सरकारचा डॉक्टर मराठी, गुजराती, हिंदुस्तानी शिकला, दख्खन आणि खानदेशात देवी टोचण्याचं काम बघू लागला आणि १८३८ मध्ये पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला. इंग्रज त्या गावाला दापुरी म्हणत. हिवऱ्याची बाग दापोडीला जोडलेली होती. तिथं सोनामुखीसारखी औषधं पिकवली जात, म्हणजे ती विलायतेहून मागवावी लागू नयेत. पुढे १८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. जंगल तुटलं की झरे आटतात, हे त्यांनी त्या काळात सरकारला लिहून कळवलं होतं.

मला मात्र गिब्सनपेक्षा त्यांच्या पदरी असलेल्या एका माणसाविषयी लिहायचं आहे. १८४७ ते १८५० या काळात गिब्सननी एका चित्रकाराकडून बागेतल्या आणि रानातल्या वनस्पतींची रंगीत चित्रं काढून घेतली. त्यातली पावणेदोनशेच्या आसपास आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता. त्याचं नाव कागदोपत्री उरलेलं नाही.

त्याचं काम किती अवघड होतं हे समजायला कळलावीचं एक फूल पुरे. पावसाळ्यात घाटमाथ्याकडच्या झुडपांवर ही वेल चढलेली दिसते. आधाराला तिला वेगळा तणावा लागत नाही, पानाचं टोकच गुंडाळून फांदीला विळखा घालतं. कळी खाली मान घालून लोंबते, उमलताना सहाही पाकळ्या मागं उलटून आभाळाकडे उभ्या राहतात. त्यांच्या कडा नागमोडी. सहा पुंकेसर चहूबाजूंनी आडवे पसरतात. कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचा दांडा, मात्र सरळ खाली न येता बुडाशीच काटकोनात वळून एका अंगाला जातो. घाईनं बघणारा ही वाकडी मान सरळ काढून मोकळा होईल, आणि मग ते चित्र कळलावीचं राहणार नाही.

त्यात फूल रंग बदलतं. आधी हिरवट पिवळं, मग केशरी, शेवटी लालभडक. मग कोणत्या दिवसाचं फूल काढायचं? जाणता चित्रकार एकाच वेलीवर तिन्ही वयाची फुलं दाखवतो. फळ यायला अजून अवकाश असतो, म्हणून कागदाचा एक कोपरा कोरा ठेवून ते पिकेपर्यंत वाट बघतो. मातीखालचा कंदही हवाच. नांगरासारख्या त्या आकारावरूनच तिला संस्कृतात लांगली म्हणतात. त्या कंदात कोल्चिसीन हे जहाल विष असतं, त्यामुळे तो ओळखण्यातली चूक जिवावर बेतू शकते. एका पानावर असा वेलीचा अख्खा हंगाम मावतो. कॅमेऱ्याच्या एका क्लिकमध्ये तो सापडत नाही. वाळवून कागदावर चिकटवलेला नमुना शंभर वर्षं टिकतो खरा, पण त्यात लाल आणि केशरी दोन्ही तपकिरी होतात. म्हणून वनस्पतिशास्त्राला आजही चित्रकार लागतो. तो भिंगाखाली फूल उभं चिरतो, मापं घेतो, बाजूला मोजपट्टी आखतो, आणि काळ्या शाईत काम असेल तर सावली ठिपक्यांनी भरतो, गडद जागी दाट आणि उजेडाकडे विरळ. हे सगळं देठ मान टाकायच्या आत व्हावं लागतं.

अशा माणसाला शास्त्रज्ञाचा मदतनीस म्हणणं मला पटत नाही. पाकळी किती उलटते, हे ठरवताना निरीक्षण त्याचंच असतं. आपल्याकडे त्याआधीचंही उदाहरण आहे. पुण्याचा गंगाराम तांबट सवाई माधवरावांच्या काळात इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी काम करत होता. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा आणि वेरूळची लेणी त्यानं कागदावर उतरवली. त्याच्या चित्रांसोबत त्याचं नावही टिकलं. दापोडीच्या चित्रकाराच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

गिब्सन आणि निकोल डॅल्झेल यांचा 'द बॉम्बे फ्लोरा' १८६१ मध्ये मुंबईत छापला गेला. आपल्या भागातल्या वनस्पतींचा तो पायाचा ग्रंथ, पण त्यात चित्रं नाहीत, नुसती वर्णनं आहेत. दापोडीची चित्रं लोकांसमोर नीट यायला २००२ साल उजाडलं. एडिंबराचे वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री नोल्टी यांनी त्यांवर पुस्तक लिहिलं. त्याच्या नावात दापुरी आहे, गिब्सन आहेत.

येत्या श्रावणात नाणेघाटाच्या वाटेवर कळलावी दिसली तर तोडू नका. पेन्सिल आणि वही घेऊन शेजारी बसा, आणि आधी फक्त एवढंच बघा, तिची मान उजवीकडे वळली आहे की डावीकडे.