वारशाचे घर आणि पहिल्या घराचे अनुदान

चंद्रपूरच्या तुकूम भागात भाड्याने राहणारा २६ वर्षांचा एक विवाहित तरुण पहिल्या सदनिकेसाठी पैसे साठवीत आहे, असे समजा. वडील घुग्घुसच्या कोळसा खाणीत नोकरीला होते. स्वकमाईतून त्यांनी तेथे दोन खोल्यांचे पक्के घर बांधले आणि मृत्युपत्र न करताच त्यांचे निधन झाले. घरात आता आई राहते; कागदोपत्री नाव अजून वडिलांचेच आहे. तरीही कायद्याच्या दृष्टीने हा तरुण त्या घराचा सहमालक झालेला आहे.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ बौद्ध, जैन व शीख कुटुंबांनाही लागू आहे. त्यानुसार पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई हयात असल्यास तीही, हे सारे समान वाटेकरी होतात. हा हक्क निधनासमयीच निर्माण होतो. फेरफार ही केवळ त्याची नोंद.

अडचण येथेच उद्भवते. सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये वार्षिक ९ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला, ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी घेतलेल्या २५ लाखांपर्यंतच्या कर्जावर, कमाल १.८० लाखांचे व्याज अनुदान पाच वार्षिक हप्त्यांत मिळते. अट अशी की, पती, पत्नी व अविवाहित मुले यांपैकी कोणाच्याही नावे देशात कोठेही पक्के घर नसावे. तसे लेखी घोषितही करावे लागते. म्हणजे सुनेला माहेरी मिळालेला वाटाही येथे आडवा येऊ शकतो. आयकराच्या कलम ८०ईईए खालील सवलत (१ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ या काळात मंजूर झालेली कर्जे) तुलनेने उदार होती. तेथे कर्ज मंजुरीच्या दिवशी केवळ करदात्याच्या मालकीचे घर नसणे पुरेसे होते.

एक तृतीयांश हिस्सा म्हणजे 'घर' काय? आयकराच्या कलम ५४एफ मधील अशाच अटीवर सहमालकीबाबत परस्परविरोधी निर्णय झालेले आहेत. तेव्हा हिस्सा दडवून घोषणापत्रावर सही करण्यापेक्षा तो बँकेला अर्जासोबतच कळवावा.

आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देण्याचा मार्ग आहे. मात्र पावणेदोन लाखांसाठी काही लाखांचा हिस्सा कायमचा सोडणे हा व्यवहार आतबट्ट्याचा ठरेल. घर आईचेच राहावे, अशी भावंडांची मुळात इच्छा असेल तर गोष्ट वेगळी.

अज्ञान मुलांच्या बाबतीत हा मार्गही सहज खुला नसतो. आजोबांनी वरोऱ्याचे घर मृत्युपत्राने आठ वर्षांच्या नातवाला दिले, तर भाड्याने राहणारे त्याचे आईवडील अनुदानाला अपात्र ठरतात. आणि ते घर विकायचे तर हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम ८ नुसार न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. प्रेमापोटी केलेली अशी मृत्युपत्रे कमी नसतात.

गडचिरोलीत चित्र निराळे आहे. १९५६ चा वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. गोंड, माडिया कुटुंबांत वाटणी रूढीनुसार होते. छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये मुलीच्या वारसांना समान वाटा दिला. त्यामुळे नोकरीसाठी शहरात आलेल्या आदिवासी तरुणींनाही हा प्रश्न आता विचारावा लागेल. वडिलांकडून आलेला वनहक्क पट्टा वारसाने मिळतो, विकता येत नाही. तो जमिनीचा हक्क असल्याने अनुदानाला बाधक नाही. मातीच्या भिंतींचे कवेलू घरही नाही. त्याच जागी पुढे पक्के घर उभे राहिले, तर मात्र चंद्रपुरातल्या सदनिकेच्या अर्जात त्याचा उल्लेख करावाच लागेल.