आडव्या छेदावरची सृष्टी

सात वर्षांच्या मुदतीचा उमेदवारीचा करारनामा होऊन टॉमस बेविक नावाचा चौदा वर्षांचा मुलगा १७६७ साली इंग्लंडच्या उत्तरेकडील न्यूकॅसल शहरी, रॅल्फ बील्बी या खोदकामगाराच्या कारखान्यात दाखल झाला, तेव्हा छापील चित्राच्या इतिहासात आपल्या हातून काही नवे घडणार आहे, असा संशय त्याला किंवा त्याच्या धन्याला येण्याचे काहीच कारण नव्हते. बाप टाइन नदीकाठच्या चेरीबर्न या शेतवाडीत राहून मिकली येथील एक लहानशी कोळशाची खाण मक्त्याने चालवी. मुलगा पाटीवरची जागा संपली की ओव्हिंगहॅमच्या चर्चच्या ओसरीतील फरशीवर आणि आवारातील थडग्यांवर खडूने चित्रे काढी. बील्बीकडे जे खोदले जाई त्यात कलेचा गंध फारसा नव्हता. दारावरच्या पितळी पाट्या, शवपेटीवर ठोकावयाचे नामफलक, घड्याळांच्या तबकड्या, तलवारींची पाती, मुद्रा आणि शिक्के, दुकानदारांच्या बिलांची शीर्षके, असला तो सारा गिऱ्हाइकी मामला. आणि तांब्याचे पत्रे घासून गुळगुळीत करता करता या उमेदवाराचे हात सुजून राठ झाले.

लाकूड त्याच्या वाट्यास आले ते धन्याच्या नावडीमुळे. चार्ल्स हटन नावाच्या गावातल्याच एका गणिताच्या शिक्षकाने क्षेत्रमापनावर ग्रंथ लिहिला (तो १७७० साली निघाला), आणि त्यातील आकृत्या मजकुराबरोबरच छापल्या जाव्यात म्हणून त्या लाकडावर कोरून मागितल्या. बील्बीला लाकडावरचे काम रुचत नसे, म्हणून ते उमेदवाराकडे गेले. भूमितीची रेघ सर्वत्र सारख्या जाडीची असावयास हवी, आणि ती उठावात ठेवावयाची तर तिच्या दोन्ही अंगांचे लाकूड निघावयास हवे. बेविकने दोन टोकांचे एक हत्यारच करून दोन्ही कडा एका फेरीत कोरावयास सुरुवात केली. पुढे लागलेल्या प्रयोगांच्या नादाचा हा प्रारंभ म्हणावयास हरकत नाही.

येथे थोडे तांत्रिक विवेचन अपरिहार्य आहे. लाकडी ठशाची जुनी रीत अशी की, खोड उभे चिरून काढलेल्या फळीवर चाकू चालवावयाचा आणि छापावयाची काळी रेघ तेवढी शिल्लक ठेवून बाकीचे काढून टाकावयाचे. फळीत तंतू एकाच दिशेने जातो. त्याला आडवा चाकू फिरला की ढलपी उडते, आणि म्हणून अतिसूक्ष्म काम तेथे फार थोड्यांना साधते. दुसरी रीत बॉक्सवुड या मंद वाढणाऱ्या, घट्ट, पिवळसर लाकडाची. त्याचे खोड आडवे कापून त्या छेदाचा पृष्ठभाग आरशासारखा घोटला, तर तंतू दिशाहीन होऊन हत्याराला मुभा मिळते, आणि ताम्रपटावर चालणारे ब्युरिन तेथे हव्या त्या बाजूस सरकते. ठोकळा वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवून हत्याराखाली फिरवावयाचा. हात जवळपास स्थिर, हलतो तो ठोकळा. ज्यांनी जुन्या छापखान्यात जुळाऱ्याला खिळे जुळविताना पाहिले आहे, त्यांना या ठोकळ्याचे मोठे व्यावहारिक महत्त्व लगेच कळेल: त्याची उंची खिळ्यांच्या उंचीइतकी ठेवली की चित्र आणि अक्षर एकाच फर्म्यात बसून एकाच दाबाखाली छापून निघतात. ताम्रपटात शाई खाचेत भरलेली असते; तिला रुळांचे निराळे यंत्र लागे, आणि तोच कागद दोनदा छापावा लागल्याने खर्च वाढे. आडव्या छेदावर कोरणारे बेविकपूर्वीही होते, परंतु ब्युरिनने ओढलेली रेघ छापल्यावर पांढरी उमटते, म्हणजे येथे कोरणारा अंधारातून उजेड काढीत असतो, ही गोष्ट तंत्राची अडचण न मानता चित्रकाराचे साधन मानणारा पहिला मोठा कारागीर हाच.

तथापि उजेड काढता आला तरी करडेपणा कसा आणावयाचा, हा प्रश्न उरत होताच. छापताना दाब सर्वत्र सारखा पडतो, त्यामुळे क्षितिजावरील टेकडीची रेघ पुढच्या झाडाच्या रेघेइतकीच गडद उमटे, आणि दूरचा देखावा अंगावर येई. बेविकने उपाय शोधला तो असा की, जे दूरचे किंवा मृदू दिसावयाचे त्या भागाचे लाकूड कोरण्यापूर्वीच किंचित खरवडून खाली न्यावयाचे; मग त्या जागी शाईचा चामडी गोळा आणि कागद दोन्ही हलकेच टेकतात आणि रेघ फिकी पडते. हा फरक इतका सूक्ष्म असे की बोटाला तो जाणवणे कठीण, आणि त्याचा लाभ मिळणे न मिळणे छापणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून. जड हाताच्या यंत्रचालकाविषयी बेविकची तक्रार जन्मभर राहिली, यात नवल नाही. दुसरा प्रयोग मला याहून मनोरंजक वाटतो. ड्यूररच्या काळच्या ठशांत एकमेकींना छेदणाऱ्या काळ्या रेघांची जाळी आढळते. ती दोन ठोकळे एकावर एक छापून साधली असावी, असा तर्क करून बेविकने तसे करून पाहिले, आणि जमल्यावर ती रीत सोडून दिली, कारण साध्या समांतर रेघांनी जे साधते त्याहून अधिक सौंदर्य त्या जाळीत त्याला दिसेना. त्याचा तर्क चुकीचाच होता, जुन्या कारागिरांनी त्या जाळीतील एकेक इवलासा चौकोन चाकूने टिपून काढला होता. परंतु निष्कर्ष अचूक होता.

बॉक्सवुडचे खोड सहसा काही इंचांहून जाड होत नाही, आणि चित्राचा आकार त्या मापाने ठरतो. या मर्यादेचे उल्लंघन करण्याचा मोह बेविकला झाला तो १७८९ साली, चिलिंगहॅमच्या रानटी पांढऱ्या गुरांतील एका वळूचे चित्र मार्मड्यूक टन्स्टल या निसर्गाभ्यासी गृहस्थासाठी कोरताना. कळप जवळ येऊ देईना, म्हणून कळपातून हुसकला गेलेला एकटा वळू त्याने गाठला, आणि त्याच्या नेहमीच्या ठशांच्या मानाने प्रचंड असा ठोकळा तयार केला. मोजक्या प्रती निघाल्या आणि लाकूड चिरले. त्या मोजक्या प्रतींना पुढे दुर्मिळतेची किंमत आली, हे खरे. मला मात्र तो वळू काहीसा दरबारी वाटतो, आणि त्याच हाताने कोरलेल्या दोन-तीन इंचांच्या ओल्या शेतापुढे तो टिकत नाही.

१७९० साली चतुष्पाद प्राण्यांचा इतिहास निघाला. त्यातील गावठी घोडे, मेंढ्या आणि कुत्री जिवंत आहेत. दूरदेशीची जनावरे मात्र, पुष्कळशी दुसऱ्यांच्या पुस्तकांतील चित्रांवरून उतरविलेली असल्याने, पाहुण्यासारखी अवघडून उभी आहेत. हा धडा पक्ष्यांच्या वेळी उपयोगी पडला. १७९१ साली टन्स्टलच्या संग्रहातील पेंढा भरलेले पक्षी रेखाटून झाल्यावर, त्या मुद्रा खोट्या आहेत हे ओळखून त्याने यापुढे जिवंत किंवा नुकताच मारलेला पक्षीच समोर ठेवावयाचा, असा निश्चय केला. भूचर पक्ष्यांचा खंड १७९७ साली आणि जलचरांचा १८०४ साली आला. छातीवरचा मऊ पिसारा, पंखावरची राठ पिसे आणि मागचे गवत या तिघांसाठी तीन जातींच्या रेघा त्यात आहेत, आणि शाई मात्र एकच, काळी. शार्लट ब्राँटेच्या जेन एअरला आपण प्रथम भेटतो तेव्हा तिच्या मांडीवर हेच पुस्तक असते.

आणि तरीही बेविकचे खरे वैभव प्रकरणाअखेरीच्या रिकाम्या जागेत आहे. तेथे मजकुराचे बंधन नव्हते आणि गिऱ्हाइकाची फर्माईशही नव्हती. पुलाचा कर वाचविण्यासाठी गाईचे शेपूट धरून नदी ओलांडणारा आणि त्या भानगडीत टोपी गमावणारा मनुष्य, आंधळा भिकारी आणि त्याचा कुत्रा, पावसात भिजणारी गुरे, दूरच्या माळावरचा फाशीचा खांब, असे सगळे तेथे आहे. दया आहे, पण भाबडेपणा नाही. १८१८च्या इसापनीतीच्या ग्राहकांना दिलेल्या पावतीवर तर त्याने आपल्या अंगठ्याचा ठसाच कोरून छापला. आमच्याकडे अंगठा ही निरक्षराची सही. या माणसाने बनावट प्रतींविरुद्ध तिचा पुरावा म्हणून उपयोग केला.

८ नोव्हेंबर १८२८ रोजी तो निवर्तला. क्लेनेल, नेस्बिट, हार्वी हे त्याचे शिष्य लंडनला गेले, आणि एकोणिसाव्या शतकातील सचित्र नियतकालिकांचा जो प्रचंड कारभार उभा राहिला त्यात लहान ठोकळे खिळवून मोठा पृष्ठभाग करावयाचा, आणि दुसऱ्याने काढलेली काळी रेघ निमूटपणे राखावयाची, असा धंदा रूढ झाला. पांढरी रेघ अल्पसंख्य झाली. तिचा स्वतंत्र वारसा मिळाला तो आयुष्यभर धातूवर काम केलेल्या विल्यम ब्लेकला. व्हर्जिलच्या एका शालेय आवृत्तीसाठी १८२१ साली त्याने सतरा इवले ठसे कोरले. प्रकाशकांना ते ओबडधोबड वाटले, आणि पानात बसावेत म्हणून ठोकळ्यांच्या कडाही छाटल्या गेल्या. सॅम्युएल पामर आणि एडवर्ड कॅल्व्हर्ट या तरुणांना मात्र त्या काळोखातील चंद्रप्रकाशाने वेड लावले, आणि कॅल्व्हर्टने १८३१ साली दीड इंच उंच व तीन इंच रुंद लाकडावर एक शयनगृह, त्यातील दांपत्य आणि खिडकीबाहेरचे आकाश असे सगळे बसविले. बेविकच्या शेतकऱ्याला ते दांपत्य फार काव्यमय वाटले असते. कोरीव काम मात्र त्याने मान डोलावून पाहिले असते.