धुराडी, टेकड्या आणि पाण्याखाली जाणारा पूल

२०१५ साली मरीन ड्राइव्हवरचे पिवळे सोडियम दिवे उतरवले गेले आणि त्यांच्या जागी पांढरे एलईडी लागले. विजेची बचत हा त्यामागचा हिशेब, आणि कागदावर तो चुकीचाही नव्हता. पण मलबार हिलवरून रात्रीची ती वळणदार माळ बघणाऱ्यांना तिची ओळखच पटेना. सोन्याच्या हाराला कुणी कल्हई करून आणावी, तसं झालं. राजकीय पक्ष एकमेकांवर तुटून पडले, विषय उच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि अखेर पिवळसर छटेचे दिवे परत आले. रस्ता जेमतेम साडेतीन किलोमीटरचा. एका खांबालाही कुणी हलवलं नव्हतं, समुद्र होता तिथेच होता, तरी दिव्याच्या रंगाने मुंबई हळवी झाली.

शहराची छबी अशी नाजूक असते. ती पोस्टकार्डांवर, सिनेमांच्या पहिल्या दृश्यात आणि हल्ली ड्रोनच्या व्हिडिओंत दिसते. ठरते मात्र नगररचना खात्याच्या टेबलावर. इमारत किती उंच जाईल हे चटई क्षेत्र सांगतं, म्हणजे एफएसआय. टेकडी हिरवी राहील की नाही हे आरक्षणाच्या नकाशातल्या रंगावर अवलंबून. नदीला पाय पसरायला किती जागा, ते पूररेषा ठरवते. तिन्ही गोष्टी रुक्ष, परिशिष्टांत दडलेल्या. स्कायलाइन, झाडी आणि नदीकाठ या शहराच्या चेहऱ्याच्या तीन ठळक रेषा मात्र त्यांतूनच उमटतात.

मुंबईची आकाशरेषा याचा सर्वांत बोलका पुरावा. १८७८ मध्ये राजाबाई टॉवर पुरा झाला तेव्हा त्याची २८० फूट उंची शहरात अजोड होती. कापसाच्या व्यापारातला बडा असामी प्रेमचंद रायचंद याने त्यासाठी पैसे दिले आणि आईचं नाव लावलं. आईला दृष्टी नव्हती, सूर्यास्तापूर्वी जेवायचा जैन नेम पाळण्यासाठी तिला टोले ऐकू यावेत म्हणून हे घड्याळ, अशी कथा आजही हौसेने सांगितली जाते. पण फोर्टातल्या या गॉथिक मनोऱ्यापेक्षा मुंबईची खरी स्कायलाइन उत्तरेला उभी होती. लालबाग, परळ, वरळी, भायखळा इथल्या गिरण्यांची धुराडी ही कष्टकरी मुंबईची ओळख होती. भोंग्यावर घड्याळ लावायचं आणि कोणत्या धुराड्यातून धूर येतोय ते पाहून पाळी चालू आहे की नाही ते समजायचं, असा तो काळ.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि धूर थांबला तो थांबलाच. उरली जमीन, गिरणगावात एकूण सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने या जमिनीच्या पुनर्विकासाला वाट दिली. ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी ती वाटणी होती. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या सगळ्या तुकड्यांचा एकत्र विचार करून सलग मैदानं, रस्ते आणि घरं आखता येतील असं सुचवलं. मग २००१ मध्ये नियमात बदल झाला. वाटणी पूर्ण जमिनीची नाही, तर ज्या जमिनीवर बांधकाम नाही तेवढीचीच करायची, असा त्याचा अर्थ निघाला. गिरणीचं आवार शेडनी खच्चून भरलेलं. मोकळी जमीन असणार ती कितीशी? प्रकरण न्यायालयात गेलं आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला.

शब्दांचा एवढासा फेरफार, आणि परळच्या आकाशाचं रूप पालटलं. फिनिक्स मिलचं एक धुराडं आज मॉलच्या आवारात शोभेचं म्हणून उभं आहे. श्रीनिवास मिलच्या जागेवर ‘वर्ल्ड वन’ आहे. हा मनोरा आधी ४४२ मीटरचा योजला होता. विमानतळ प्राधिकरणाने एवढ्या उंचीला परवानगी दिली नाही, म्हणून तो २८० मीटरवर थांबला. म्हणजे मुंबईच्या स्कायलाइनचा तळ महापालिकेच्या नियमाने आखला आणि वरची कड विमानांच्या वाटेने. सौंदर्यदृष्टीचा या व्यवहारात कुठे प्रवेश झाला असेल, तर तो बिल्डरच्या माहितीपत्रकात.

बाहेर काही शहरांनी उलटा विचार केला. लंडनमध्ये सेंट पॉल कॅथेड्रलचा घुमट ठरावीक ठिकाणांहून दिसलाच पाहिजे म्हणून १९३० च्या दशकापासून उंचीवर बंधनं आहेत. रिचमंड पार्कमधल्या एका उंचवट्यावरून झुडपांच्या कुंपणात राखलेल्या फटीतून सुमारे १६ किलोमीटरवरचा घुमट आजही दिसतो, कारण मधली वाट अडवायला परवानगीच नाही. पॅरिसने १९७३ मध्ये २१० मीटरचा मोंपार्नास टॉवर उभा केला, लोकांनी कपाळाला हात लावला, आणि १९७७ मध्ये शहराने उंचीला आवर घातला. चूक एकच झाली. तिच्यामुळे पुढच्या पन्नास टळल्या.

पुण्याची गोष्ट निराळी. या शहराची स्कायलाइन माणसांनी बांधलीच नाही. पर्वती, वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, चतुःशृंगी, तळजाई, बाणेर-पाषाणच्या टेकड्या, आणि लांबवर सिंहगड. पुणेकराच्या नजरेला कड मिळते ती इथे. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये पर्वतीवर देवदेवेश्वराचं मंदिर बांधलं. तिथून खाली पाहिलं की आधी कौलं दिसायची, मग गच्च्यांवरच्या सिमेंटच्या टाक्या दिसू लागल्या, आता काळ्या-पिवळ्या प्लास्टिकच्या टाक्या आणि सौर पत्रे दिसतात. पर्वतीच्या १०३ पायऱ्या सकाळी चढणाऱ्यांचे गट ठरलेले आणि गप्पांचे विषयही ठरलेले. ‘टेकडीवर जातो’ हे वाक्य ज्या शहरात व्यायाम, वाचन, प्रेम आणि निवृत्ती या सगळ्यांसाठी चालतं, तिथे टेकडीला हात लावणं हे घरात घुसण्यासारखं वाटणारच.

म्हणूनच ‘बीडीपी’ ही तीन अक्षरं पुण्यात रिक्षावाल्यालाही माहीत आहेत. १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर ९७८ हेक्टरचं जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण टाकायचं ठरलं. त्यावर वर्षानुवर्षं घोळ चालला. थोडं बांधकाम द्या, अजिबात नको, मग मालकांना मोबदला काय, असे फेरे झाले आणि २०१५ मध्ये राज्य सरकारने आरक्षणाला मान्यता दिली. जमीनमालकांची तक्रारही उडवून लावण्यासारखी नाही. त्यांना रोख पैशांऐवजी टीडीआर म्हणजे दुसरीकडे वापरायचा बांधकामाचा हक्क देऊ केला जातो, आणि तो पुरेसा नाही असं ते म्हणतात. कागदावर हिरवी असलेली टेकडी पायथ्याकडून पत्र्यांच्या शेड आणि गुंठेवारीने कुरतडली जाते, याचं मूळ या न सुटलेल्या हिशेबात आहे. वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या नियोजित बालभारती ते पौड फाटा रस्त्याविरुद्ध २०२३ मध्ये नागरिक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले, तेव्हा मोटारवाल्या पुण्याचं टेकडीवाल्या पुण्याशी भांडण होतं, असं वर्णन झालं. गंमत अशी की बरेचदा ही दोन्ही पुणी एकाच माणसात राहतात.

हिरवाईबद्दल एक कटू गोष्ट इथेच सांगायला हवी. पुण्याच्या टेकड्या मुळात गवताळ आणि झुडपी. पावसाळ्यात हिरव्या आणि एरवी पिवळट, तपकिरी. उघडा डोंगर लोकांना उदास वाटतो, म्हणून वृक्षारोपणाच्या नावाखाली गिरिपुष्प ऊर्फ उंदीरमारी लावली गेली. हे मध्य अमेरिकेतून आलेलं झाड. पटकन वाढतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, फेब्रुवारी-मार्चमध्ये फिकट गुलाबी फुलांनी टेकडी फोटोत छान येते. पण त्याखाली स्थानिक गवत, रानफुलं आणि त्यांच्यावर जगणारे पक्षी-कीटक यांना फारसा थारा उरत नाही. हिरवा रंग वाढला आणि टेकडी गरीब झाली. शहराची प्रतिमा जपण्याच्या नादात शहराची प्रकृती बिघडते, ती अशी.

रस्त्यावरच्या झाडाचं भवितव्य तर एका कागदावर टांगलेलं असतं. १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्यानुसार तोडीचा प्रस्ताव आला की वृक्ष प्राधिकरण हरकती मागवतं आणि नोटीस झाडावरच लावली जाते. सेलोटेप, पावसाने पसरलेली शाई, झाडाचा क्रमांक, प्रजाती, कारण. ती वाचायला थांबणारे थोडे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला, तोडलेल्या झाडाचं वय जितकं तितकी नवी रोपं लावायची अटही आली. साठ वर्षांच्या वडाच्या बदल्यात साठ रोपं हा हिशेब भरपाईच्या रजिस्टरात बसतो, रस्त्यावरच्या सावलीत नाही.

आता नदी. महाराष्ट्रातल्या नदीकाठच्या शहरांची नदीशी ओळख एकाच ऋतूत उफाळून येते, आणि प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. नाशिकमध्ये गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं यावर पूर ठरतो. कमरेला लागलं, छातीला लागलं, बुडाला. सांगलीकर आयर्विन पुलाचे फूट विचारतो, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ च्या पुढे गेले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची पातळी ४३ फुटांवर गेली की धोका. आणि पुण्यात ‘भिडे पूल पाण्याखाली गेला’ ही बातमी आल्याशिवाय पावसाळा सुरू झाल्याचं कुणी मानत नाही. बाबा भिडे पूल मुळात ठेंगणा, पात्राला चिकटून. त्याने बुडणं यात नवल नाही. पण या पुलावर विनोद होतात, त्याचे फोटो फिरतात आणि तेवढ्यापुरती मुठा शहराच्या बोलण्यात येते. बाकीचे आठ महिने ती पुलावरून नाक दाबून ओलांडायची वस्तू असते.

याच मुठेने १२ जुलै १९६१ ला पुण्याचा नकाशा बदलला होता. पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही गेलं, आणि नदीकाठच्या पेठांमधले वाडे कोसळले. आज सहकारनगर, गोखलेनगर या भागांत सोसायट्यांच्या कागदपत्रांत ‘पूरग्रस्त’ हा शब्द सापडतो तो त्यामुळे. शहर नदीपासून दूर, टेकड्यांच्या पायथ्याशी सरकलं. एवढं होऊनही नदीचं पात्र म्हणजे रिकामी जागा, ही समजूत काही गेली नाही. तिथे रस्ता झाला, वाहनतळ झाले, राडारोडा पडला, मेट्रोचे खांब आले.

सरकारी भाषेत नदीला दोन रेषा असतात. २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदाच्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन रेषांच्या मध्ये अटींवर. ही रेषा काही मीटर इकडची तिकडे झाली की कुणाच्या प्लॉटचा भाव आभाळाला भिडतो.

पुण्यातल्या मुळा-मुठा नदीकाठ प्रकल्पाची मूळ प्रेरणा अहमदाबाद आहे, आणि दोन्हीकडचं आरेखन बिमल पटेल यांच्या संस्थेचं. साबरमतीने काय साधलं हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१२ मध्ये खुल्या झालेल्या तिथल्या काठावर संध्याकाळी सगळ्या थरांतली माणसं येऊन बसतात. भारतीय शहरात एवढी लांब, फुकट सार्वजनिक जागा दुर्मीळ आहे. पण त्याची रचना समजून घ्यायला हवी. पात्र दोन्ही बाजूंनी भिंती घालून एकसारखं २६३ मीटर केलं, त्यातून काठची जमीन निघाली, काठावरच्या दहा हजारांहून जास्त कुटुंबांना हलवलं, आणि कोरड्या साबरमतीत नर्मदेच्या कालव्याचं पाणी सोडून वासणा बंधाऱ्याने अडवलं. दिसतो तो शहराच्या मधोमध ठेवलेला लांबट तलाव. बंधाऱ्याच्या खाली हीच नदी सांडपाण्याने काळी होते, आणि २०२१ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली.

मुठेची तब्येत वेगळी. तिच्यामागे खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं आहेत आणि पावसाळ्यात विसर्ग काही तासांत कैकपटींनी वाढतो. पुण्याचा प्रकल्प ४४ किलोमीटरचा, साडेचार हजार कोटींच्या वरचा. मार्च २०२२ मध्ये त्याची पायाभरणी झाली. मैलाशुद्धीकरणाची नवी केंद्रं हा जपानच्या जायकाच्या कर्जावरचा निराळा प्रकल्प. नेमका वाद इथेच आहे: काठ आधी की पाणी आधी?

लंडनने हे उत्तर दीडशे वर्षांपूर्वी दिलं. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सला अशी दुर्गंधी सुटली की काठावरच्या संसदेला बसवेना. जोसेफ बॅझलगेट या अभियंत्याने गटारवाहिन्यांचं जाळं टाकलं आणि त्यातली एक मोठी वाहिनी काठाला नवा बांध घालून त्याच्या पोटातून नेली. १८७० मध्ये खुल्या झालेल्या व्हिक्टोरिया एम्बँकमेंटवर पर्यटक आज हौसेने फिरतात, त्यांच्या पायाखालून मैला वाहतो. तो नदीत जात नाही म्हणून वर फिरण्यात मजा आहे.

पुण्यात २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, तळमजल्यांत पाणी शिरलं आणि माणसं बोटींतून बाहेर काढावी लागली. त्यानंतर पूररेषा नव्याने आखण्याची चर्चा, धरणाच्या विसर्गाची सूचना कुणी किती वाजता दिली याचे खुलासे, हे सगळं झालं. नदीकाठाच्या चित्रांमधले फरसबंद कट्टे आणि हिरवळी मात्र होत्या तशाच सुरेख होत्या.

या सगळ्यात सामान्य माणसाच्या हाती काय असतं, तर हरकत. विकास आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं की लोकांना म्हणणं मांडायला ठरावीक मुदत मिळते. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या प्रारूपावर २०१३ मध्ये ८० हजारांच्या वर हरकती-सूचना आल्या. पुढे आराखडा महापालिकेच्या हातून राज्याने काढून घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये तो मंजूर झाला. मुंबईच्या २०१५ च्या प्रारूपात चुकांचा एवढा सडा होता की ते मागे घेऊन नव्याने करावं लागलं. मंजुरीला २०१८ उजाडलं. हरकतीचा अर्ज साध्या कागदावर चालतो. मैदान, टेकडी, ओढा काहीही असो, सर्व्हे नंबर तेवढा बरोबर लिहावा लागतो.