सुटलेला रंग पक्का कशाने करावा?

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाशी आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तरीही जुन्या शिल्पावरचा रंग पोपडे धरू लागला, तर तो कोणत्या द्रव्याने पक्का करावा, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांवर सोडून भागणार नाही. कारण ते शिल्प आपणा सर्वांचे असते.

अजिंठ्याचेच उदाहरण घ्या. तेथे काळ्या खडकावर भाताची तुसे कालवलेला मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि वर रंग. खांबांवर व मूर्तींवरही असा रंग होता. निजाम सरकारने बोलावलेल्या चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी १९२० ते १९२२ या काळात सुटलेला रंग लाखेने बसवला. त्या वेळी तो टिकला, हे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पण आपला सुतार खुर्चीला पॉलिश करतो, तीच ही लाख. वर्षे लोटली की ती पिवळी, मग तपकिरी पडते आणि स्पिरिटातही सहजी विरघळत नाही. पुढे पुरातत्त्व खात्याच्या माणसांना रंगाला धक्का न लावता तो थर काढताना फार कष्ट पडले.

दगड निराळा, तर औषधही निराळे. वालुकाश्माला एथिल सिलिकेट मानवते. चुनखडकाशी त्याचे तितकेसे जुळत नाही. चुनखडकाला चुनाच जवळचा. चुन्याचे अतिसूक्ष्म कण अल्कोहोलात मिसळून मुरवले, की हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन त्यांचा पुन्हा दगडच होतो. हा चुना परत काढता येत नाही, आणि रंगावर पांढुरकी झाक येण्याची भीती असते. रंगाचे पोपडे चिकटवण्यास ॲक्रिलिक राळ वापरतात. तिची चांगली जात पुष्कळ वर्षांनीही ॲसिटोनात विरघळते. मात्र दगडात ओल व क्षार असतील, तर राळेच्या पापुद्र्यामागे स्फटिक वाढून रंग आतूनच उचलला जातो. म्हणून आधी ओल थांबवावी, मग एका कोपऱ्यात परीक्षा करावी आणि काही काळ वाट पाहावी.

वाटाघाटी करता करता आम्ही एक गोष्ट शिकलो: ज्या करारात पुढे दुरुस्तीला जागा नाही, त्यावर सही करण्यापूर्वी दहादा विचार करावा. उद्या आपल्या देवळातील जुन्या मूर्तीला चकचकीत लेप देण्याची टूम निघाली, तर विश्वस्तांना तीन प्रश्न विचारा. दगड कोणता? ओल कुठून येते? लेप चुकला तर काढता येईल काय? उत्तरे मिळेपर्यंत लेपाचा डबा उघडू देऊ नका.