दया एका दिवसाची, खर्च रोजचा

आजकाल प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे आणि त्या मोबाईलवर चार-आठ दिवसांनी एखादे तरी आवाहन येऊन पडते. नाकात नळी घातलेले लेकरू, शेजारी रडणारी आई, खाली लाखाचा किंवा कोटीचा आकडा आणि पैसे पाठविण्यासाठी चौकोनी क्यूआर कोड. आपण हळहळतो. कोणी शंभर रुपये पाठवितो, कोणी तोच संदेश पुढे ढकलतो, कोणी ‘खरे की खोटे कोण जाणे’ म्हणून पुसून टाकतो. परंतु असे मूल आपल्याच घरात किंवा गल्लीत असेल, तर काय करायचे? मोबाईलवरून मदत मागावी का? मागावी तर कशी? आणि त्याआधी काय करावे? हुपरीसारख्या कष्टकऱ्यांच्या गावात या प्रश्नाचा विचार शांत डोक्याने व्हायला हवा, म्हणून हा लेखप्रपंच.

सोळा कोटींचे इंजेक्शन

२०२१ साली मुंबईतील एका तान्ह्या मुलीसाठी सोळा कोटी रुपये जमविण्याची मोहीम सर्वांच्या तोंडी झाली होती. तिला स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी हा जन्मजात आजार होता. यात एका जनुकातील दोषामुळे स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी मरत जातात. मान धरवत नाही, दूध गिळवत नाही, पुढे श्वासही घेववत नाही. त्यावरचे झोलजेन्स्मा हे औषध अमेरिकेहून आणायचे होते. देशभरातील अनोळखी लोकांनी पैसे दिले. केंद्र सरकारने सुमारे सहा कोटींचे कर माफ केले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या मुलीला औषध मिळाले. त्याच वर्षी जूनमध्ये पिंपरी-चिंचवडच्या दुसऱ्या एका मुलीलाही लोकवर्गणीतून तेच औषध मिळाले. दुर्दैवाने ऑगस्टच्या पहिल्या तारखेला ती गेली.

या दोन घटनांतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. अनोळखी माणसाच्या मनातही माणुसकी असते आणि ती एकत्र आली तर डोंगर हलवू शकते, ही पहिली. दुसरी अशी की, पैसा जमला म्हणजे मूल वाचलेच असे नाही. पैसा हे साधन आहे, ती हमी नव्हे.

आवाहन कोणाचे लांब जाते?

आपल्याकडे मिलाप २०१० साली बंगळुरूत आणि केट्टो २०१२ साली मुंबईत सुरू झाले. अशी आणखीही व्यासपीठे आहेत. २०१६ साली यूपीआय आले आणि दहा रुपयेसुद्धा मोबाईलवरून पाठविता येऊ लागले. सोय मोठी झाली यात शंका नाही. तरीपण एक कटू सत्य ध्यानात घेतले पाहिजे. आवाहन आधी ओळखीच्या वाटेने चालते. ज्याचे नातेवाईक परदेशात, मित्र मोठ्या कंपन्यांत, त्याचा संदेश पहिल्याच दिवशी भरल्या खिशांपर्यंत पोहोचतो. भट्टीवर काम करणाऱ्या आपल्या भावाच्या मोबाईलमध्ये दोनशे नंबर असतील, पण ते दोनशेही मजुरीवरच जगणारे. म्हणजे जी विषमता गावात आहे, तीच मोबाईलमध्येही शिरते.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. लोकांची दया जागी होते ती मुदत पाहून. ‘चार दिवसांत शस्त्रक्रिया नाही झाली तर...’ असे वाक्य वाचले की हात खिशाकडे जातो. परंतु आपल्या वस्त्यांतील बहुतेक अपंग मुलांची गोष्ट अशी नसते. सेरेब्रल पाल्सीचेच उदाहरण घ्या. जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच मेंदूला इजा झाली की हातपाय ताठर होतात, तोल जातो, बोलणे अडखळते. हा रोग संसर्गाचा नाही, कोणाच्या पापाचा तर मुळीच नाही. एका शस्त्रक्रियेने तो जात नाही. मात्र लहान वयापासून नियमित व्यायामोपचार, बोलण्याचे शिक्षण, पायाला आधार देणारे बूट आणि बसण्याची योग्य खुर्ची मिळाली, तर मूल पुष्कळ गोष्टी स्वतः करू शकते.

आता हिशेब मांडा. समजा, आई घरात बसून पैंजणाला घुंगरू जोडते, वडील कारखान्यात आटणीचे काम करतात. आठवड्यातून दोनदा मुलाला कोल्हापूरला न्यायचे, म्हणजे आईची दोन दिवसांची मजुरी गेली, गाडीभाडे गेले, फी वेगळी. हे एक महिना नाही, वर्षानुवर्षे. या रोजच्या झिजेचा फोटो काढता येत नाही आणि त्यासाठी मुदतीचे आवाहनही करता येत नाही. दया एका दिवसाची असते, खर्च मात्र रोजचा असतो. म्हणूनच आपला सगळा भरवसा मोबाईलवरील आवाहनावर ठेवून चालणार नाही.

आधी हक्काचे, मग मदतीचे

जे कायद्याने आपले आहे, ते आधी पदरात पाडून घ्यावे. शासकीय कागदावर आता ‘दिव्यांग’ शब्द आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात एकवीस प्रकारचे अपंगत्व धरले आहे. त्यात सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, स्नायूंचा ऱ्हास आहेच, शिवाय थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेलही आहे. ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

पहिली पायरी अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड. अर्ज संगणकावरून करायचा आणि तपासणी शासकीय रुग्णालयात. या कार्डावाचून पुढची बहुतेक दारे बंद असतात, म्हणून दिरंगाई करू नये. एस.टी. प्रवासात अपंगांना ७५ टक्के सवलत आहे. अपंगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्यालाही निम्मे भाडे पडते. कोल्हापूरच्या खेपा घालणाऱ्या आईला याचे मोल सांगायला नको.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात. त्या दिवशी मुलाला लपवून घरी ठेवू नका. आयाबायांनो, ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने आपण मुलाची वर्षे वाया घालवितो. ऐकू न येणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर वय हाच जीव आहे. कानात यंत्र बसविण्याची कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया जितकी लवकर होईल तितकी भाषा चांगली येते. केंद्राच्या ॲडिप योजनेतून यासाठी साहाय्य मिळते आणि मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीच्या यादीतही ही शस्त्रक्रिया आहे.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुअपंगत्व असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून, विशेष म्हणजे व्यायामोपचारासारखा नेहमीचा खर्चही तिच्यात धरला जातो. ज्या खर्चासाठी आवाहन चालत नाही, नेमका तोच खर्च येथे भागतो. तरी आपल्या किती घरांना ही योजना माहीत आहे?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेली ही योजना आहे. दाखल होतानाच उत्पन्नाचा दाखला व रेशनकार्ड दाखवून लेखी मागणी करावी. दुर्मिळ आजारासाठी केंद्राच्या २०२१ च्या धोरणाखाली निवडक मोठ्या रुग्णालयांतून ५० लाखांपर्यंत मदत होऊ शकते. मुंबईचे केईएम त्यांपैकी एक आहे. शिवाय नगरपरिषदेने स्वतःच्या उत्पन्नातून ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावयाची असते. त्या पैशाचे काय झाले, हे विचारणे हा नागरिकाचा अधिकार आहे.

मागायचेच तर टंच काढून मागा

हे सर्व करूनही रक्कम कमी पडली, तर लोकांपुढे जाण्यात कमीपणा नाही. फक्त व्यवहार चोख हवा. हुपरीकरांना हे शिकवायला नको. आपल्याकडे कारागिराला चांदी वजनाने दिली जाते आणि वजनानेच परत घेतली जाते. घट किती गेली ते लिहिले जाते. चांदीचा टंच काढल्याशिवाय व्यवहार होत नाही. लोकांच्या पैशाचाही टंच निघाला पाहिजे.

डॉक्टरांकडून रुग्णालयाच्या कागदावर, सहीशिक्क्यासह खर्चाचा अंदाज घ्यावा. मिळालेल्या योजना वजा करून उरेल तेवढीच रक्कम मागावी. शक्यतो पैसा थेट रुग्णालयाच्या खात्यात जावा. तसे जमत नसेल तर पालक आणि गल्लीतील दोन विश्वासू माणसे, त्यांत एक बाई असावी, अशा तिघांनी मिळून हिशेब पाहावा. पैसा मुलासाठी वेगळ्या खात्यात ठेवावा. मंडळाच्या नावाने वर्गणी काढायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी. नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षात पन्नास हजारांवर रक्कम आपल्या खात्यात आली, तर प्राप्तिकराचा प्रश्न निघू शकतो. तेव्हा जाणकाराला आधी विचारावे.

मोबाईलवरील व्यासपीठ निवडताना तीन गोष्टी विचाराव्यात. शंभर रुपयांतून शुल्क आणि कर जाऊन मुलाला किती मिळणार? जाहिरातीचा खर्च कोणाच्या माथी? पैसा किती दिवसांत व कोणाच्या हाती? काही ठिकाणी देणाऱ्याकडून ‘टिप’ म्हणून जादा रक्कम आपोआप जोडली जाते. देणाऱ्याने तो आकडा पाहून घ्यावा, तो कमी करता येतो. आवाहन करतानाच लिहावे की, रक्कम उरली तर ती कोणाला दिली जाईल. रक्कम पूर्ण झाली की आवाहन त्याच दिवशी बंद करावे आणि जमाखर्च जाहीर करावा. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब फळ्यावर लागतो ना? मग मुलाच्या उपचाराचा का नको?

देणाऱ्यांनीही डोळे उघडे ठेवावेत. दुसऱ्याच्या मुलाचा फोटो चोरून, खाली स्वतःचा क्यूआर कोड लावणारे महाभाग आहेत. देण्यापूर्वी रुग्णालयात फोन करून खात्री करावी. फसवणूक झालीच तर वेळ न घालविता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी.

लेकराची अब्रू

सगळ्यात महत्त्वाचे शेवटी सांगतो. आवाहन करणारी काही मंडळी सांगतात, फोटो जितका केविलवाणा तितके पैसे जास्त. उघडे अंग, लाळ गळणारे तोंड, वाकडे पाय जगाला दाखवायचे. परंतु वाचकहो, ते मूल मोठे होणार आहे. पंधराव्या वर्षी शाळेतील एखादा पोरगा तोच फोटो मोबाईलवर काढून त्याला चिडवील, तेव्हा आपण काय उत्तर देणार? मोबाईलवर गेलेला फोटो परत बोलावता येत नाही. अपंग व्यक्तीचा चारचौघांत मुद्दाम अपमान करणाऱ्याला याच २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षे कैदेची तरतूद आहे. बाहेरच्याने अपमान केला तर कायदा आहे, पण घरच्यांनीच लेकराचे लाचार चित्र विकायला काढले तर त्याने कोणाकडे दाद मागायची?

फोटो द्यायचाच तर अंगभर कपड्यांत, हसरा द्यावा. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याला विचारावे. घरचा पत्ता, शाळेचे नाव, आधार कार्ड, पूर्ण वैद्यकीय अहवाल जगजाहीर करू नये. भाषा भिकेची नको. ‘आमच्या मुलाला चालायला शिकायचे आहे, त्यासाठी इतके कमी पडतात’ एवढे सरळ वाक्य पुरे.

एका मुलापासून सर्वांसाठी

१९७२ साली मुंबईत मिठू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, ती सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या मुलीला शाळा नव्हती म्हणून. तेथे पुढे कित्येक मुले शिकली. आपल्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून, सरकारी नोकरी सांभाळून, १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्डचे काम उभारले. दोघींनीही लोकांकडे मागितले, पण एका दिवसाच्या दयेपुरते मागितले नाही. रोजची सोय उभी राहील असे मागितले.

आपल्यालाही हे अशक्य नाही. एका वस्तीतील चाळीस घरांनी महिन्याला पन्नास रुपये बाजूला काढले, तर महिन्याचे दोन हजार आणि वर्षाचे चोवीस हजार होतात. रीतसर परवानगी घेऊन तेवढ्यात एखाद्या व्यायामोपचार तज्ज्ञाला आठवड्यातून एकदा गावातच बोलावता येईल का, हे तरी विचारून पाहू. तसे जमले तर चार-पाच मुलांच्या आयांची कोल्हापूरची खेप वाचेल, मजुरी वाचेल. गल्लीत एखादा शिकलेला मुलगा-मुलगी असेल तर त्यांनी प्रत्येक घराचे यूडीआयडी आणि निरामयचे अर्ज भरून द्यावेत. त्याला तर एक पैसाही लागत नाही.

मोबाईल वाईट नाही. प्रसंग पडला तर त्याचा जरूर उपयोग करावा. पण पुढच्या वेळी एखादे आवाहन पुढे पाठविण्यासाठी बोट उचलाल, तेव्हा आधी एकदा शेजारच्या दारात जाऊन विचारा, ‘वहिनी, लेकराचे कार्ड काढले का? यायला हवे तर मी येतो सोबत.’