पाण्यात संगमरवर नको

कांजूरमार्गच्या पूर्वेस ठाण्याची खाडी आणि तिवरांचे रान; पश्चिमेस पवईच्या बाजूला काळ्या कातळाच्या टेकड्या. घरातील वा पेढीवरील माशांची टाकी नैसर्गिक दिसावी असे ज्यांना वाटते, त्यांनी खाडीकडे न पाहता या कातळाकडे पाहावे. तिवरांच्या तोडीस मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली मनाई केली आहे. प्रवाळ तर वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे.

खरा मोह असतो तो संगमरवराचा. घरदेरासराच्या कामातून उरलेले शुभ्र तुकडे पाण्याखाली फारच शोभतात. परंतु संगमरवर, शंख, शिंपले आणि प्रवाळ हे सारे मूलतः चुन्याचेच. तानसा, वैतरणा, भातसा या तलावांतून मुंबईच्या नळाला येणारे पाणी मृदू; त्यात हा चुना हळूहळू विरघळतो, पाणी जड व क्षारधर्मी होते. अशा पाण्यात माशांच्या विष्ठेतून निर्माण होणारा अमोनिया अधिक विषारी ठरतो. निऑन टेट्रासारख्या मृदू पाण्याच्या माशांना हा बदल विशेष जाचतो, आणि टाकीतल्या जिवाला दुसरीकडे जाण्याची वाट नसते. आफ्रिकेतील मलावी सरोवराचे मासे मात्र जड पाण्यातच सुखाने राहतात. त्यांच्यापुरता संगमरवर चालतो.

काळा बेसाल्ट पाण्यात जवळजवळ काहीच सोडत नाही. त्यासाठी टेकडी फोडण्याचे कारण नाही. बांधकामावर उरलेली खडी पुरते. डांबर वा सिमेंट लागलेले आणि धारदार कडांचे तुकडे वगळावेत. या दगडात कधी पांढऱ्या शिरा असतात, त्या चुन्याच्या असू शकतात. शिरेवर व्हिनेगरचे दोन थेंब टाकावेत. बुडबुडे आले तर तो दगड बाजूला ठेवावा. निवडलेले दगड साबण न लावता ब्रशने घासावेत. उकळू मात्र नयेत, आत ओल असल्यास ते तडकतात. मोठे दगड आधी तळाशी पक्के बसवून मग भोवती वाळू घालावी, म्हणजे ते कलंडून काच फुटत नाही.

रंग दिलेले खडे टाळावेत, कारण रंगाचे पापुद्रे सुटतात. तांब्या-पितळेची नाणी तर टाकूच नयेत. तांबे जलचरांना बाधते.

सोसायटीच्या आवारात देशी बदामाचे झाड असल्यास मोठीच सोय. त्याची आपोआप गळलेली, पूर्ण वाळलेली पाने धुऊन टाकीत सोडावीत. पाणी फिक्या चहासारखे दिसू लागते, त्याने घाबरू नये. नारळाची करवंटी, उकळलेले पाणी स्वच्छ राहीपर्यंत पुन्हा पुन्हा उकळून, लाजऱ्या माशांना लपण्यासाठी ठेवता येते. पाने कुजून फाटू लागली की काढून दुसरी घालावीत.