पुळी तीच, आजार निराळा

त्वचेवरची लाली, सूज आणि पू या बहुतेक वेळा शरीराच्या प्रतिकाराच्या खुणा असतात. जंतूंवर धावून आलेल्या पांढऱ्या पेशींमुळे त्या उमटतात. केमोथेरपीने या पेशी घटल्या, किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर औषधांनी प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवली, की जंतू आत पसरत असतानाही वर फक्त फिकट डाग किंवा न दुखणारी गाठ दिसते. अशा रुग्णांत नुसत्या नजरेवर विसंबणे धोक्याचे ठरते.

एचआयव्हीबाधितांच्या चेहऱ्यावर कधीकधी मध्ये बेंबीसारखा खळगा असलेल्या पुळ्या येतात. त्या मोलस्कम या विषाणूच्या असल्या तर जिवाला धोका नसतो. पण सीडी-४ या पांढऱ्या पेशी रक्ताच्या घनमिलिमीटरमागे १०० च्या खाली गेलेल्या रुग्णात अगदी तशाच पुळ्या क्रिप्टोकॉकस बुरशीच्याही असू शकतात, आणि ही बुरशी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचते. मणिपूरसारख्या ईशान्येकडच्या भागात टॅलरोमायसिस या बुरशीजन्य आजाराचाही विचार करावा लागतो. डोके दुखू लागण्याआधीच पुळी दिसली, तर ती वेळेवर मिळालेली सूचना असते. ती वाया जाऊ देणे अक्षम्य आहे.

खात्रीचा मार्ग बायोप्सीचा. त्वचेचा तुकडा चरबीच्या थरापर्यंत खोल घ्यावा लागतो आणि त्याचे दोन भाग करावे लागतात. एक फॉर्मालिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी. दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये, कल्चरसाठी. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, त्यामुळे सगळा तुकडा त्याच बाटलीत गेला तर कल्चरची संधीच संपते. धावपळीच्या वॉर्डात नेमके हेच घडू शकते.

तुकड्याचा थोडा अंश पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर बुरशीचे धागे त्याच दिवशी दिसू शकतात. रुंद, फितीसारखे, क्वचितच पडदे असलेले धागे म्युकरचे. बारीक, पडदे असलेले आणि लघुकोनात फाटे फुटणारे धागे ॲस्परजिलसकडे बोट दाखवतात. हा फरक औषध ठरवतो: ॲस्परजिलसवर चालणारे व्होरिकोनाझोल म्युकरवर निष्प्रभ असते, तिथे ॲम्फोटेरिसिन लागते. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्राने म्युकरचा तडाखा अनुभवला आहे.

पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाला ताप असून लाल चट्टा दिवसभरात काळा पडू लागला, तर स्यूडोमोनास हा जीवाणू रक्तात पसरल्याचा संशय धरतात. तिथे रक्ताचे नमुने घेताच अँटिबायोटिक सुरू होते, अहवालाची वाट पाहत नाहीत. पहिल्या तुकड्यात काही सापडले नाही आणि चट्टा वाढतच राहिला, तर बायोप्सी पुन्हा करावी लागते.